वर्ना टॅकेटने लावलेली पैज

वर्ना टॅकेट जाऊन चार वर्षं झाली. लास वेगासमध्ये राहून कधीच जुगार न खेळलेलं माणूस असतं का, असं कुणी विचारलं की मी अजून तिचंच नाव घेते. मग माझं मलाच राहवत नाही आणि सांगते, एकदा खेळली होती बाई. एकदाच. आणि त्या डावात समोरच्या बाजूला मी होते.

माझं नाव जॉर्जेट कुलिक. सगळे जॉर्जी म्हणतात. मी बफेलोची. बर्फाला कंटाळून इकडे आले, दोन वर्षं राहीन म्हणून, एकतीस झाली. आधी नऊ वर्षं स्वतः पत्ते वाटले, मग सिल्व्हर म्यूल नावाच्या जुन्या कॅसिनोत दिवसपाळीची सुपरवायझर झाले. दारावर दिव्यांचं भलंमोठं खेचर होतं, मागचा पाय झाडायचं. मध्येच कधीतरी त्या पायाचे दिवे गेले आणि ते कुणी बदलले नाहीत. कामावर निघालो की आम्ही 'खेचरावर चालले' म्हणायचो.

वर्ना माझ्या हाताखाली तीन नंबरच्या टेबलावर ब्लॅकजॅकचे पत्ते वाटायची. सत्तावीस वर्षं तेच टेबल. उंच, हाडकुळी, चष्मा साखळीला बांधलेला, भुवया पेन्सिलीने काढलेल्या आणि दोन्ही कधी सारख्या नसायच्या. आर्कान्सासच्या डोंगरातली. तिथे कोंबड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं काढून आली होती. "तिथे कोंबड्या सोलायचे, इथे माणसं," म्हणायची, "फरक एवढाच की माणसं वर टिप देतात." प्रत्येक गिऱ्हाइकाला ती राजा म्हणायची, मग तो एकवीसचा असो की अठ्ठ्याऐंशीचा. स्वतः मात्र एक नाणं कधी जुगाराच्या मशिनात टाकलं नाही. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "कारखान्यात गेल्यापासून मी कोंबडीही खात नाही."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. टेबल सोडताना डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, दोन्ही हात पुढे करतो, एक टाळी वाजवतो, तळवे आधी उताणे आणि मग पालथे करून दाखवतो. छतात कॅमेरा असतो, त्याच्यासाठी. बघा बाबांनो, काही नेत नाही. नाक खाजवायचं असलं तरी आधी टाळी. सगळेच करतात, पण वर्नाच्या ते हाडात मुरलं होतं. घरी भांडी घासून झाली की टाळी आणि तळवे. चर्चमध्ये दानाची थाळी पुढे सरकवली की टाळी आणि तळवे. माझ्या नातीच्या पहिल्या वाढदिवसाला तिने बाळाला कडेवर घेतलं, परत दिलं आणि वाजवली की टाळी! माझी सून बघतच राहिली. "तुझ्या पोरीचं काही नेलं नाही गं," वर्ना म्हणाली. तरी सुनेने पोरीच्या कानातलं चाचपून बघितलंच.

रोज सकाळी साडेनऊला तिच्या टेबलावर डाव्या टोकाला हॉलिस टीग येऊन बसायचा. टोलीडोला बस चालवायचा, निवृत्त होऊन इकडे आलेला.

"आज वाटतंय बघ, वर्ना."

"काल पण वाटत होतं, राजा."

"काल नुसतं वाटत होतं. आज आतून वाटतंय."

अकरा वाजेपर्यंत त्याच्या आतलं आणि खिशातलं दोन्ही संपायचं. मग तो उठायचा, टोपी घालायचा आणि वर्नाचे आभार मानायचा. आभार! पहिल्या वर्षी मला हसू यायचं. नंतर येईना. आयोवाचं एक नवरा-बायकोचं जोडपं घराच्या छपराचे पैसे घालवून बसलं आणि जाताना तिलाच म्हणालं, "माफ करा हं, तुमचा फार वेळ घेतला."

लोक म्हणतात हे गाव म्हणजे देशापासून वेगळंच काहीतरी आहे. कसलं डोंबलाचं वेगळं? अख्खा देश इथे येतो, अंगावरचा कोट तेवढा घरी ठेवून येतो, बाकी तोच. आमच्याकडे हरलेला माणूस 'हरलो' म्हणत नाही, 'अजून जिंकलो नाही' म्हणतो. अगदीच बुडाला तर स्वतःला शिव्या देतो, माझंच चुकलं म्हणतो. टेबल कुणी मांडलं हे कुणी विचारत नाही. मी शहाणपणा शिकवते आहे खरी, पण मीही त्यातलीच. मी किराणा घेते त्या दुकानात दाराशीच मशिनं मांडलेली आहेत. पिशवीतल्या गोठवलेल्या मटारांचं पाणी होईस्तोवर मी तिथे बसलेली आहे. वर्ना मागे येऊन उभी राहायची. "सूप तयार झालं गं जॉर्जी, ऊठ आता."

२००२ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तिला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप आवळत चालली आहे, छाती उघडून बदलावी लागेल, वर्षाच्या आत करा. विमा होता, नोकरीचा. पण झडप बदलली की तीन महिने घरी बसायचं, आणि चौसष्ट वर्षांच्या डीलरची जागा तीन महिने कोण रिकामी ठेवतं? जागा गेली की विमाही गेला. तेव्हा वर्नाने आपल्यापुरता बेत केला. येत्या ऑक्टोबरात तिला पासष्ट पुरी होणार होती, आणि एक ऑक्टोबरपासून म्हाताऱ्यांचा सरकारी विमा लागू होणार होता. "एक तारखेला नोकरी सोडते, दोन तारखेला कापून घेते," ती म्हणायची, "आणि मग पायरीवर बसून संत्री खाते." ऑक्टोबरपर्यंत टेबलापाशी उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

फेब्रुवारीत एका नव्या कंपनीने खेचर विकत घेतलं.

आम्हा सगळ्यांना पत्रं आली. 'म्यूल परिवारातील प्रिय सदस्य' अशी सुरुवात. जेव्हा जेव्हा मला कुणी असं परिवारात घेतलंय तेव्हा मी आधी पाकीट चाचपलंय. खाली दोन चौकोन छापलेले. पहिल्यात खूण केली तर आता राजीखुशीने जायचं, तीन महिन्यांचा पगार आणि सहा महिन्यांचा विमा मिळेल. दुसऱ्यात केली तर आपल्याच जागेसाठी नव्याने परीक्षा द्यायची. पास झालात तर राहा. नापास झालात तर पगार नाही, आणि विमा महिन्याअखेर बंद. सर्वांत खाली हसणारं खेचर काढलं होतं आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'निवड तुमची!'

जेवणाच्या सुट्टीत मी वर्नाला कोपऱ्यात गाठलं.

"पहिल्यात खूण कर. मार्चमध्ये छाती उघडून घे, जूनला हिंडायला लागशील."

"आणि पुढे खाऊ काय? वारा?"

"माझ्याकडे येऊन राहा. मागची खोली रिकामीच आहे."

"तुझ्या चार मांजरांबरोबर? त्यापेक्षा माझी झडप बरी."

"थट्टा पुरे गं. तुझ्या जिवाचं बोलतेय मी."

तिने चष्मा काढला आणि पुसत बसली. "जॉर्जी, सत्तावीस वर्षांत माझी एक चूक दाखव. एक."

"चुकीचा प्रश्नच नाहीये."

"मग कसला आहे? काम येतं की नाही, हेच बघणार ना ते? मला येतं. ज्याला काम येतं त्याला कुणी काढत नाही. एवढं तरी या देशात अजून आहे ना?"

हा सूर माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी साडेनऊला डाव्या टोकाच्या खुर्चीवरून मी तो ऐकत होते. मी पत्र हिसकावून घ्यायला हवं होतं, स्वतः खूण करून टाकायला हवी होती. नाही केलं. तिने माझंच पेन मागून घेतलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली.

परीक्षा मंगळवारी सकाळी दहाला. कंपनीचा कोल्बी नावाचा माणूस आला होता. तीस-बत्तिशीचा, दात पांढरेशुभ्र, येताना सगळ्यांसाठी डोनट घेऊन आलेला. वाईट नव्हता पोरगा, उगाच नावं कशाला ठेवू. तो आणि कंपनीची आणखी दोन माणसं गिऱ्हाईक बनून बसली. मी बाजूला तक्ता घेऊन उभी. तक्त्यात तीन रकाने होते, हात, नियम, उत्साह. दहापैकी गुण. कुठल्याही रकान्यात सातच्या खाली गेलं की नापास. माझी स्वतःची परीक्षा आदल्या दिवशी झाली होती आणि माझा कागद कोल्बीच्या फायलीत होता.

वर्नाने पत्ते वाटायला सुरुवात केली आणि खरं सांगते, माझे डोळे भरून आले. धाप लागलेली बाई, ओठ निळसर पडलेले, पण हात पाण्यासारखे चालले होते. एक पत्ता वाकडा पडला नाही. पैशांच्या जागी लावतात त्या चकत्यांतली एक चिप इकडची तिकडे झाली नाही. हिशोब तोंडपाठ, डोळा सगळ्यांवर. चौथ्या-पाचव्या डावात कोल्बीला एक्का आणि राजा आला, म्हणजे थेट एकवीस, सगळ्यांत मोठा हात. तो खुर्चीतून उठलाच, मोठ्याने ओरडला आणि टेबलावरून हात लांब करून तळवा तिच्या तोंडासमोर धरला.

"दे टाळी, वर्ना!"

आता नव्या कॅसिनोंत डीलर गिऱ्हाइकांना टाळ्या देतात, नाचतातसुद्धा. पण आमच्या वेळच्या डीलरला गिऱ्हाइकाच्या हाताला हात लावणं म्हणजे पाप. चिप्स चोरायच्या तर अशाच चोरतात, हातातून हातात. टेबलावरून उघडा पंजा आला की आमच्यासारख्यांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. वर्ना अर्धं पाऊल मागे सरली. दोन्ही हात पुढे केले, एक टाळी वाजवली, तळवे उताणे, तळवे पालथे, कॅमेऱ्याकडे. आणि आवाज जरासुद्धा न चढवता म्हणाली, "सुपरवायझर, टेबलावर हात आलाय."

मी दोन फुटांवर उभी होते. कोल्बीचा हात तसाच हवेत.

"अगं, मजा करतोय आपण," तो हसत म्हणाला.

"गिऱ्हाइकाला हात लावायचा नसतो, राजा," वर्ना म्हणाली. "पहिल्या दिवशी शिकवतात." आणि तिने पुढचा डाव वाटला.

मी पहिल्या रकान्यात दहा लिहिले. दुसऱ्यात दहा. तिसऱ्याशी पेन अडलं. कोल्बी माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. चार लिही, असं तो म्हणाला नाही. त्याने मला एका शब्दानेही सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुझं प्रामाणिक मत हवंय, जॉर्जी. तुझ्या कागदावर मला फार चांगलं लिहायचंय बघ." मी अठ्ठावन्नची होते. मला साखर आहे, रोजची सुई आहे, घराचा हप्ता आहे. जबरदस्ती कुणी केली असती तर निदान त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. मी चार लिहिले.

तिकडे वर्नाने टेबल सोडताना पुन्हा टाळी वाजवली, तळवे दाखवले आणि पर्स घेऊन माझ्याकडे बघून डोळा मारला. जिंकल्यासारखी.

शुक्रवारी तिला पत्र आलं. महिन्याअखेर विमा बंद. स्वतःच्या खिशातून चालू ठेवता येईल, असं लिहिलं होतं, आणि त्याचा हप्ता तिच्या घरभाड्याहून जास्त. हॉलिस टीग दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आला, नवीन मुलगी बघून उभाच राहिला. "वर्ना कुठाय?" म्हणाला. मी सांगितलं. त्याने टोपी काढली. मग डाव्या टोकाला बसला, कारण बसणार नाही तर जाणार कुठे?

वर्नाने मला कधीच काही विचारलं नाही. रविवारी चर्चहून माझ्याकडे यायची ती येत राहिली. किराणा दुकानात तिला काम मिळालं, आठवड्याचे तीन दिवस, काडीला टोचलेले चीजचे तुकडे वाटायचं. विमा नाही. "या गावात पहिल्यांदाच कुणाला काहीतरी फुकट देतेय मी," म्हणायची, "तर लोक संशयाने बघतात!" हसता हसता धाप लागायची, मग टेबलाचा कोपरा धरून थांबायची. मी ऑपरेशनचं बोलले की बोट वर करून ऑक्टोबर म्हणायची. मी तिच्यासाठी मागची खोली झाडून ठेवली. ती आली नाही.

आणि जूनमध्ये काय झालं ऐका. कंपनीने खेचर बंद केलं. त्यांना कॅसिनो नकोच होता, जमीन हवी होती. परीक्षेत पास झालेल्या आम्हा सगळ्यांना एक-एक पानी पत्र, आणि यावेळी चौकोनसुद्धा नव्हते. मला तिसऱ्या रकान्यात नऊ मिळाले होते, हे मला नंतर कळलं.

आमच्या गावात जुनी इमारत पाडायची म्हणजे सणच. सुरुंग लावतात, आतषबाजी करतात, लोक घडीच्या खुर्च्या घेऊन येतात. खेचराची पाळी चौदा सप्टेंबरला, रविवारी सकाळी. आदल्या दिवशी वर्नाचा फोन आला. "खुर्च्या मी आणते, कॉफी तू आण. नीट गाळून आण, मागच्या वेळी चिखल होता."

गाडीपासून जागेपर्यंत दोनशे पावलं होती. ती वीस-वीस पावलांनी थांबत आली आणि खुर्च्या काही मला उचलू देईना. बसल्यावर आधी दम खाल्ला, मग म्हणाली, "कार्ड आलं टपालाने. सरकारी. फ्रिजवर लावलंय. सतरा दिवस राहिले. आता सतरा दिवस काय गं, उभ्या उभ्या काढीन."

आजूबाजूला पोरंटोरं, बापाच्या खांद्यावर बसलेली. कुणीतरी दहापासून उलटे आकडे म्हणायला लागलं आणि सगळा रस्ता म्हणायला लागला. दणदण दणके बसले, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग खेचर आधी गुडघ्यावर बसलं आणि सगळंच खाली आलं. माणसं जागच्या जागी नाचली. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या.

"आता इथे काय होणार हो?" माझ्या मागच्या बाईने विचारलं.

"मोठं काहीतरी," तिचा नवरा म्हणाला. त्याला काही माहीत नव्हतं.

सगळ्यांच्या टाळ्या चालू होत्या तेव्हा वर्ना उभी राहिली. हात पुढे केले, एकच टाळी वाजवली, तळवे उताणे केले, मग पालथे, धुळीकडे. कॅमेरा नव्हता, टेबल नव्हतं. मग खाली बसली आणि कॉफीचा घोट घेतला. माझ्याने राहवेना.

"वर्ना, ते चार मी लिहिले होते."

"माहितीये."

"कसं?"

"खोटं वागलीस की तू घड्याळ काढतेस आणि पुन्हा घालतेस. त्या दिवशी तीनदा घातलंस."

"मग बोलली का नाहीस गं? शिव्या द्यायच्यास मला!"

"तुला कशाला? चौकोनात खूण मी केली. माझंच चुकलं."

माझ्या अंगाचा भडका उडाला. लाज, राग, सगळं एकदम. "अगं, पण ते चौकोन छापले कुणी?" मी ओरडले. दोन-चार माणसांनी वळून बघितलं.

वर्ना हसली. "चल ऊठ," म्हणाली, "धूळ नाकात जातेय." आणि दोन्ही खुर्च्या तिनेच उचलल्या.

सतरापैकी तिला नऊ मिळाले. तेवीस तारखेला, मंगळवारी, स्वयंपाकघरात पडली. तिची भाची आर्कान्सासहून आली, तिला दार उघडून द्यायला मी किल्ली घेऊन गेले. भांडी घासून पालथी घातलेली होती. सुरीच्या बाजूला एक संत्रं, न सोललेलं. फ्रिजवर खेचराच्या चुंबकाखाली ते कार्ड, लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचं, कोरं करकरीत. त्यावर तिचं पूर्ण नाव, आणि खाली, एक ऑक्टोबरपासून लागू.

"मावशीचं काही हवंय का तुम्हाला? आठवण म्हणून?" भाचीने विचारलं. "तुम्ही जवळच्या होतात ना."

मी नको म्हटलं. दारापाशी आले तेव्हा जुन्या सवयीने माझे दोन्ही हात पुढे झाले. मी ते तसेच खिशात घातले आणि गाडीकडे गेले.